किलवर दश्शी कुठल्या तालुक्यात पडली

१८ जानेवारी, रविवार. गच्चीवरची पाण्याची टाकी धुवायची होती. सकाळी सातला मी टाकीत उतरले, खराट्यानं तळ घासला, गाळ डब्यानं उपसून बाहेर काढला आणि साडेआठला मोटर लावली. नवऱ्याला सांगितलं, टाकी भरली की बटण बंद करा, मी संध्याकाळपर्यंत येते. कुठं जातेस, असं त्यांनी विचारलं नाही. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी मी पत्ते खेळायला जाते हे घरात सगळ्यांना पाठ आहे.

आम्ही चौघी. तीस वर्षांपूर्वी बारामतीत कॉलेजच्या हॉस्टेलवर एका खोलीत होतो. तेव्हा एकेका नावाच्या तीन-तीन मुली असायच्या, म्हणून गावाच्या नावानं हाका मारायची सवय लागली, ती आजतागायत सुटलेली नाही. मी सांगवी. माझी भिडू पणदरे. ती आता शाळेची मुख्याध्यापिका आहे, पोरं तिला बघून व्हरांड्यातून पळतात, पण आमच्यासाठी ती पणदरेच. समोरची जोडी भवानीनगर आणि इंदापूर. भवानीनगरचा नवरा कारखान्यात फिटर आहे, ती कॉलनीत शिवणकाम करते. इंदापूर बागायतदाराच्या घरात पडली आणि आमच्यातली एकटी तीच शेतात राहते.

आमचा खेळ मेंढीकोट. ज्यांना तो येत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: चौघांना तेरा-तेरा पानं, समोरासमोरच्या दोघी एका बाजूच्या. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. ज्या जोडीच्या पदरात तीन मेंढ्या पडतील त्यांचा डाव. दोन-दोन झाल्या, तर ज्यांनी जास्त हात केले त्यांचा. बाकी सगळी भांडणं.

आणि भांडणं भरपूर होती. मुख्य भांडण पडलेल्या पानाचं. मी आणि पणदरे, दोघी बारामती तालुक्यातल्या, लहानपणापासून शिकलो ते असं, की पान सतरंजीला टेकलं की गेलं, ते परत नाही. भवानीनगर आणि इंदापूर, दोघी इंदापूर तालुक्यातल्या, त्यांच्याकडचा नियम असा, की हात उचलून पालथा ठेवेपर्यंत पान बदलता येतं. हे खरोखर तालुक्यागणिक बदलतं का, मला माहीत नाही. आमच्यापुरतं बदलतं. या एका गोष्टीवरून हॉस्टेलवर एकदा पणदरे आणि भवानीनगर आठ दिवस बोलत नव्हत्या, आणि दोघींच्या खाटा शेजारी-शेजारी होत्या. शेवटी मीच तोडगा काढला: ज्या तालुक्यात डाव, त्या तालुक्याचा नियम. बारामती तालुक्यात बसलो तर पडलं ते पडलं, इंदापूर तालुक्यात बसलो तर उचलता येतं. तीस वर्षं हा नियम बिनतक्रार चालला, कारण आम्ही नेहमी कुणाच्या तरी घरात बसायचो, आणि घर कुठल्या तालुक्यात आहे याबद्दल कुणाला शंका नसते.

एका सहलीपासून पुढच्या सहलीपर्यंतच्या डावांची बेरीज होते. जी जोडी आधी एकवीस डाव करेल ती त्या वर्षीची सहल ठरवते. सलग चार वर्षं आम्ही दोघी जिंकलो. पणदरे देवस्थानं ठरवते आणि मी तिला आडवी जात नाही, कारण देवस्थानाच्या गावी राहायची सोय चांगली असते. भवानीनगरला मात्र वाघ बघायचाय. पिंजऱ्यातला नव्हे, ताडोबाच्या जंगलातला, उघड्या जीपमधून. चार वर्षं ती हेच म्हणते आहे. पणदरे म्हणते, "बिबट्या तुमच्या कारखान्याच्या रस्त्यावर फुकट दिसतो, त्याला बघ." भवानीनगर म्हणते, "बिबट्या म्हणजे मांजर गं. मला मालक बघायचाय."

यंदा तिची घाई वेगळी होती. मे महिन्यात तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलंय. डॉक्टरांनी सांगितलंय की त्यानंतर जीपचे धक्के बराच काळ विसरा. तिच्या घरात जंगलाची आवड कुणाला नाही. नवरा सुट्टीत झोपतो. आमच्या सहलीला निघाली की मात्र तिला घरातून कुणी का आणि कुठं विचारत नाही. म्हणजे वाघ यंदा, आणि आमच्याबरोबर, नाहीतर नाहीच. त्या रविवारी बेरीज होती वीस-वीस.

इंदापूरच्या घरी रंगकाम चाललं होतं, म्हणून तिनं सतरंजी शेतात टाकली होती, बांधावरच्या चिंचेखाली. भवानीनगर गावाच्या अलीकडे त्यांचा ऊस आहे, एका बाजूला पाण्याची चारी, दुसऱ्या बाजूला विहीर. पिठलं, भाकरी, ठेचा आणि कांदा असं जेवण झालं. जेवणाआधी दोन डाव नुसते हात साफ करायला खेळलो, ते बेरजेत धरायचे नव्हते. खरा डाव दुपारी एकला मांडला.

तो डाव मला अजून पानन् पान आठवतो. हुकूम बदाम. भवानीनगर सुरुवातीलाच सुटली, एकामागून एक हात ओढत गेली. दहा हात झाले तेव्हा त्यांचे सात, आमचे तीन. पण मेंढ्या आमच्याकडे दोन होत्या, त्यांच्याकडे एक. राहिली होती किलवर दश्शी. ती आम्हाला मिळाली की तीन मेंढ्या, डाव आमचा. त्यांना मिळाली की दोन-दोन, आणि हात त्यांचे जास्त, डाव त्यांचा. प्रत्येकीच्या हातात तीन पानं. हुकूम सगळे पडून गेलेले. इंदापूरच्या गालात सुपारी होती, ती चघळायचीही थांबली.

मी किलवर एक्का टाकला. माझ्यानंतर भवानीनगरची पाळी. तिचा चष्मा कपाळावर होता. डाव रंगात आला की ती तो वर सारते, का ते तिलाही सांगता येत नाही. तिनं पान टाकलं. दश्शी.

पणदरेनं हातातलं पान इतक्या जोरात आपटलं की चिंचेवरची साळुंकी उडाली. "आली," ती म्हणाली. "मेंढी स्वतःच्या पायानं चालत आली."

भवानीनगरनं चष्मा खाली ओढला आणि पानाकडे बघितलं. तिच्या हातात नव्वी होती. तिला नव्वी टाकायची होती. आमचा पत्त्यांचा जोड जुना आहे, कोपऱ्यातले आकडे झिजलेत, आणि नव्वी-दश्शीतला एक ठिपका बिनचष्म्याच्या डोळ्याला कुठला दिसायला. तिनं हात पुढं केला.

"हात लावू नकोस," पणदरे म्हणाली.

"अजून हात उचललाय कुठं? इंदापूरचं पान पडायचंय अजून."

"पडलं ते पडलं."

"बारामतीत. आपण इंदापुरात बसलोय."

"कुणी सांगितलं? घर इंदापुरात आहे. ही चिंच कुठं आहे?"

सगळ्यांनी इंदापूरकडे बघितलं. तिचं शेत, तिनंच सांगायचं. ती म्हणाली, "आमची जमीन इंदापूर तालुक्यात. पलीकडच्या तात्यांची बारामतीत. शीव इथूनच कुठूनतरी जाते." आणि तिनं हात असा फिरवला की त्यात निम्मा जिल्हा आला.

मग जे सुरू झालं त्याला मीच जबाबदार. मी दुधाच्या प्रयोगशाळेत काम करते. फॅट किती, यावर कुणी वाद घातला तर मी वाद घालत नाही, यंत्र लावते. म्हणून मी म्हणाले, "भांडू नका. मोजू."

चौघींनी आपापली उरलेली पानं आपापल्या चपलेखाली ठेवली. मधल्या हातावर मी पितळी तांब्या पालथा घातला, म्हणजे वाऱ्यानं काही हलायला नको. पणदरेनं फोनवर नकाशा काढला. निळा ठिपका आधी बारामतीत होता. ती हसली. एक पाऊल सरकली तर तो इंदापुरात गेला. भवानीनगर म्हणाली, "उभी राहा तिथंच." तेवढ्यात ठिपका चारीत जाऊन बसला. इंदापूरनं फोनवर सातबारा काढला. त्यावर गाव होतं, तालुका होता, गट नंबर होता, चिंच नव्हती.

"शिवेचे दगड आहेत ना?" मी विचारलं.

होते. एक चारीजवळ, चुना लावलेला. दुसरा विहिरीच्या कडेला, निम्मा गवतात. टेप पुरेना, म्हणून इंदापूरनं शेडमधून ठिबकची जुनी नळी आणली, चांगली लांब गुंडाळी. एक टोक चारीकडच्या दगडावर पणदरेनं धरलं, दुसरं विहिरीकडच्या दगडावर मी. पन्नाशीच्या बायका, पदर खोचून, चिखलातून पळत होतो. भवानीनगरचे गुडघे, पण तीही मध्ये उभी राहून ओरडत होती, "ढिली सोडू नका गं, झोळ पडतोय." मला शाळेतल्या शर्यतीनंतर इतका दम लागला नव्हता.

नळी ताणली. चिंच आणि सतरंजी नळीच्या अलीकडे राहिली, तात्यांच्या बाजूला. म्हणजे बारामतीत, पूर्णच्या पूर्ण. नळी गेली होती उसातून. उसाच्या कडेच्या दोन सऱ्याही नळीच्या अलीकडेच होत्या.

पणदरेनं विहिरीपर्यंत ऐकू येईल असं म्हटलं, "बारामती."

भवानीनगर नळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. नळी सांगेल ते. दश्शी ठेवा तुमची." आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून प्यायला लागली. तिनं आणखी एक शब्द काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

एवढ्यात इंदापूरचे सासरे, आबा, शेडकडून येताना दिसले. सत्तरी ओलांडलेली, पण चालण्यात घाई होती.

"कुणी सांगितलं हितं नळी वढायला?" ते लांबूनच म्हणाले.

"आबा, शीव बघतोय," इंदापूर म्हणाली.

"शीव हाय तितं हाय. तिला काय बघायची? गुंडाळा आधी ती नळी."

का, ते मला तेव्हा कळलं. बांध म्हणजे काही दगडी भिंत नव्हे. नांगर दरवर्षी थोडा बाहेरून फिरला, की बांध दरवर्षी थोडा सरकतो. इतक्या वर्षांत तो दोन सऱ्या सरकला होता, आणि आम्ही भर दुपारी त्याच्यावर नळी ताणून उभ्या होतो.

उशीर झाला होता. पलीकडून शेजारचे तात्या खांद्यावर टॉवेल टाकून आले, तोंडभर हसत.

"काय आबा, मोजणी काढली का? मला सांगायचं तरी."

"मोजणी न्हाय. पत्त्यांचा डाव हाय."

"पत्त्याला नळी लागतीया व्हय?"

"बायकांचा खेळ हाय. तुला काय करायचंय?"

तात्या वाकले, नळीवरून नजर टाकली, एका सरीवरून दुसऱ्या सरीवर बोट नेलं. "मस्त वढलीय पोरींनी. सरळ. आता हितं थांबा, मी पोराला फोटू काढाय बोलावतो."

आबा एकदम भवानीनगरकडे वळले. "पोरी, तुझं काय म्हणणं हाय?"

"माझं पान चुकून पडलं आबा. इंदापूर असेल तर परत घेता येतं."

"मग घे की परत. हितं इंदापूरच हाय. माझ्या बापापासनं हितं इंदापूर हाय."

"बारामती," तात्या म्हणाले. "त्या मास्तरीणबाई म्हणत्यात ते बरोबर हाय. पान हलवू नका बाई."

आता सगळं उलटं झालं होतं. आमच्या निकालावर दोन घरांचा बांध टांगला होता. आम्ही बारामती म्हटलं की उद्या तात्या चावडीवर सांगणार, आबांच्याच सुनेनं मोजून दिलं. इंदापूर म्हटलं की आबा सांगणार, चार शिकलेल्या बायकांनी नळी लावून शिक्कामोर्तब केलं. आमची इंदापूर मान खाली घालून उभी होती. तिला याच घरात राहायचंय आणि याच बांधावरून रोज जायचंय.

मी नळीचं टोक सोडून दिलं आणि सतरंजीवर येऊन बसले. डोकं चालायला लागलं की मला बसावं लागतं. नळी सोडून दुसरं काय आहे, हे मी बघत होते. जेवणाआधी खेळलेले दोन डाव आठवले. त्यातल्या दुसऱ्यात पणदरेनं बदाम सत्ती टाकली होती, "अगं थांब" म्हणत उचलली होती, आणि दुसरं पान टाकलं होतं. कुणी हूं की चूं केलं नव्हतं. मीही नाही.

"पणदरे, इकडे ये," मी म्हणाले. "सकाळी तू बदाम सत्ती परत घेतलीस."

तिनं खोचलेला पदर सोडला, परत खोचला. मुख्याध्यापिका आहे, खोटं बोलत नाही, फक्त वेळ काढते. "ते डाव बेरजेत नव्हते," ती म्हणाली.

"बेरजेत नव्हते, नियमात होते. याच सतरंजीवर, याच चिंचेखाली. तेव्हा आपण चौघींनी इंदापूरचा नियम चालवला. बसलो तेव्हा इंदापूर होतं तर उठेपर्यंत इंदापूरच. सकाळी एक तालुका आणि दुपारी दुसरा, असं नाही चालत."

"तू कुणाची भिडू आहेस?"

"तुझी. म्हणून तर मी तुला सकाळी अडवलं नाही."

आबांचा चेहरा उजळला. "म्हंजे इंदापूर."

"नाही आबा," मी म्हणाले. "म्हणजे आमचा नियम. आम्ही शंभर मैलांवर बसलो असतो आणि सकाळी तिनं पान उचललं असतं, तरी निकाल हाच लागला असता. तुमच्या बांधाचं आम्ही काही म्हटलेलं नाही, आणि तुम्ही दोघांनी आमचं नाव घ्यायचं नाही. तात्या, तुम्हाला मोजणी हवी असेल तर सरकारी मोजणीदार आहे. नळी आम्ही पत्त्यासाठी ओढली होती, ती आता गुंडाळतोय."

तात्यांनी फोन खिशात घातला. "डाव तर बघू द्याल का?" त्यांनी विचारलं. दोघं म्हातारे सतरंजीच्या दोन कडांना उकिडवे बसले, एकमेकांकडे न बघता.

मी तांब्या उचलला. भवानीनगरनं चष्मा नीट बसवला, दश्शी उचलली, नव्वी ठेवली. इंदापूरनं पान टाकलं. एक्का माझा, हात माझा. मेंढी मात्र अजून तिच्या हातात.

प्रत्येकीकडे दोन पानं. माझ्याकडे चौकट राजा आणि इस्पिक अठ्ठी. चौकट एक्का गेलेला, म्हणजे राजाचा हात नक्की माझा. मी राजा टाकला. वाटलं, भवानीनगरकडे चौकट नसेल तर दश्शी यातच पडेल. तिनं चौकट पंजी टाकली. पणदरेनं आणि इंदापूरनंही चौकटच दिली. हात माझा, मेंढी नाही.

शेवटचं पान. माझी इस्पिक अठ्ठी. भवानीनगरनं दश्शी ठेवली. दुसरं काही नव्हतंच. पणदरेकडून इस्पिक तिर्री. आता इंदापूरचं पान. तिच्याकडे अठ्ठीच्या वरची इस्पिक नसेल तर डाव आमचा.

तिनं पान उलटं धरलं होतं. हळूच पालटलं. इस्पिक नव्वी.

एका ठिपक्यानं गेला. भवानीनगर गुडघे विसरून उठली. आबा म्हणाले, "मारला." तात्या म्हणाले, "पण बाई, तुमी आधी अठ्ठी काढाय पायजे हुती." पणदरे आणि तात्या यांचं त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं एकमत झालं. ती मला परतीच्या वाटेवर स्कूटरच्या मागच्या सीटवरून समजावत होती: आधी अठ्ठी काढली असतीस तर भवानीनगरनं चौकट टाकून दिली असती, हात इंदापूरनं ओढला असता, मग इंदापूरला चौकट काढावीच लागली असती, आणि तुझ्या राजाखाली दश्शी अलगद आली असती. बरोबर आहे तिचं. मी मुद्दाम हरले नाही, चुकीचं पान खेळले. तिला हे दुसरं जास्त लागलं.

"उघड्या जीपमध्ये मी मध्ये बसणार," बारामतीचा पूल आल्यावर ती म्हणाली. "कडेला तुम्ही बसा. वाघाला आधी तुम्ही मिळाल."

बांधाचं पुढं काय झालं, मी विचारलेलं नाही. त्या दोन सऱ्यांतला ऊस अजून उभा आहे एवढं इंदापूर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी चहा ठेवला आणि कॉम्प्युटर लावला. सफारीच्या जागा लवकर जातात असं ऐकलं होतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सकाळच्या फेरीला चार जागा एकत्र दिसल्या. तिघींना फोन करून आधार कार्डांचे फोटो मागवले. भवानीनगरचा पहिल्या मिनिटात आला, पणदरेचा शाळेची घंटा झाल्यावर. चार नावं भरली, वयं भरली, पैसे भरले, पावती छापून फ्रिजवर चिकटवली आणि डब्याची मेथी निवडायला घेतली.